कावळ्याला दिलेला शब्द

१ जानेवारी, गुरुवार

ह्यांचा दहावा झाला. कावळा शिवला. कसा शिवला ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच म्हणेन की असं काही झालंच नाही.

नदीकाठचं रिक्रिएशन ग्राऊंड. गवत कडक, पांढरं. चपला काढल्यावर पाय आपले आहेत की नाहीत तेच कळेना. विनूभावजी कालच साउथहॅम्प्टनहून आलेले. ह्यांचे धाकटे भाऊ, तिथल्या हॉस्पिटलात हार्टचे डॉक्टर. केतकीने बाबाचं निळं जॅकेट घातलं होतं, बाह्या हाताच्या खाली लोंबत होत्या. हॉस्पिटलने कपड्यांची पिशवी परत दिल्यापासून ते अंगावरून काढत नाही. गुरुजी पुण्याहून फोनवर. इथे अग्नी द्यायलाच दोन आठवडे लागले, मग दिवस कुठून मोजायचे हा घोळ. अग्नी दिला तिथून, असं गुरुजींनी ठरवून टाकलं.

पिंड ठेवला. कावळा गोलपोस्टवर. बघतोय, पण येत नाही. भावजी म्हणाले, "दादा, केतकीची काळजी करू नकोस, मी आहे." नाही. "वहिनींना एकटं पडू देणार नाही." नाही. केतकी म्हणाली, "बाबा, मी मराठी विसरणार नाही, प्रॉमिस." त्याने मान दुसरीकडे वळवली. गुरुजी फोनमधून म्हणतायत, दर्भाचा कावळा करा आणि शिववा, परदेशात चालतं. भावजी ऐकेनात. "दादाचं काहीतरी राहिलंय. वहिनी, तुम्ही बोला."

मी काय बोलणार? राग आला होता, कुणाचा ते माहीत नाही. म्हटलं, "अहो, तुमचा तो ट्रक भंगारात देणार नाही. सुरू करून मी स्वतः चालवत बाहेर काढीन. झालं?"

कावळा सरळ खाली आला.

सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. उचलली जीभ लावली टाळ्याला. काय बोलून बसले ते घरी परत येताना गाडीत कळलं.

२ जानेवारी

दवाखान्यातून अजून रजाच. रिसेप्शनला दुसरी कुणी बसवली आहे. बसू दे.

ट्रकबद्दल. साडेसात टनी, केतकीच्याच सालचा. आमच्याकडे आला तेव्हा दोघं सहा वर्षांची. एअरपोर्टवरची गोदामातली नोकरी सोडून ह्यांनी तो घेतला, तेव्हा मी आठवडाभर बोलले नव्हते. पण हाउन्सलोपासून स्लाऊपर्यंत ज्या मराठी माणसाने घर बदललं, त्याचा फ्रीज आणि देव ह्यांच्या ट्रकमधून गेले. गणपतीत मंडळाच्या खुर्च्या, मखर, मूर्ती. देव नेताना रेडिओ बंद ठेवायचे. मी ट्रकला सवत म्हणायचे. हे म्हणायचे, पदरी पडलं पवित्र झालं.

धुराचे नियम आले आणि लंडनच्या हद्दीत तो चालवणं परवडेना. तेव्हापासून हद्दीबाहेर, कोलनब्रुकच्या यार्डात. काम जवळजवळ बंदच झालं. पण थंडी पडली की रोज सकाळी जाऊन सुरू करून यायचे. "बसून राहिला की संपतो," म्हणायचे. ट्रकबद्दलच बोलत असावेत.

डिसेंबरात हे तिथेच, ड्रायव्हरच्या सीटवर गेले, हार्ट अटॅकने. केतकी म्हणते ट्रकने बाबाला मारलं. यार्ड विकलंय, फ्लॅट होणार, महिन्याच्या मध्याच्या आत रिकामं करायचं. भंगारवाला बारा तारखेला सकाळी येऊन उचलून नेणार असं भावजी आणि के. यांनी मिळून ठरवलं होतं. मीही हो म्हटलं होतं. आणि काल हे.

आज भावजींना म्हटलं, आता काय करायचं? म्हणाले, "वहिनी, तो पक्षी आहे. भुकेला होता." म्हणजे कावळा येईपर्यंत श्रद्धा आणि आल्यावर सायन्स.

४ जानेवारी, रविवार

तेरावा. गोडाचं जेवण. मंडळातली माणसं आली, जेवली, हळू आवाजात बोलून गेली. प्रत्येकाला ट्रक आठवत होता. कुणाचं तरी कपाट जिन्यात अडकलं होतं, ह्यांनी खिडकीतून काढलं. सगळे हसले.

माणसं गेल्यावर घर फार शांत झालं. हॉलमधल्या फोनकडे बघत बसले. लँडलाइन अजून ठेवली आहे ती एकाच कामासाठी. ट्रक सुरू झाला की हे यार्डातून मिस्ड कॉल द्यायचे. दोन रिंगा आणि कट. म्हणजे सुरू झाला, मी ठीक आहे, चहा टाक. मी कधी उचलला नाही, उलट केलाही नाही. उचलायचा नाही हाच करार. केतकी शाळेत असताना दोन रिंगा झाल्या की ओरडायची, "उठला!"

त्या दिवशी रिंगा झाल्या नाहीत. वाटलं विसरले असतील. मी डबा घेऊन कामावर गेले.

भावजी संध्याकाळी परत गेले. जाताना म्हणाले, "बारा तारखेपर्यंत सुरू झाला तर माझं काही म्हणणं नाही, वहिनी. नाही झाला तर त्याला जाऊ द्या. तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका." चांगला माणूस आहे. दादाच्या खुर्चीत बसला नाही एकदाही.

५ जानेवारी

के.कडे किल्ली मागितली. माझ्याकडे बघत राहिली. मग जॅकेटच्या छातीवरच्या चेनच्या खिशातून काढून टेबलावर ठेवली. हातात दिली नाही.

"आई, डोंट. प्लीज. ती गाडीने बाबाला मारला."

म्हटलं, शब्द दिलाय. म्हणाली, "टू अ क्रो?" तिने दार आपटलं नाही, हळू लावलं. ते जास्त लागलं.

यार्ड. पहिल्यांदाच गेले, त्यानंतर. डेनीस भेटली. तिची चहा-बर्गरची व्हॅन ट्रकच्या शेजारीच असते. ह्यांना तिनेच पाहिलं, फोन तिनेच केला. जाडजूड बाई, दंडावर गोंदण, मला मिठी मारली आणि मग काय करावं ते न कळून चहा दिला. "तो रोज माझ्याकडून एक चहा घ्यायचा, लव्ह. सुरू झाल्यावर. आधी नाही." हे मला माहीत नव्हतं. म्हणजे दोन चहा व्हायचे, एक तिच्याकडे आणि एक माझ्याकडे, साखर तोंडाला लावायची नाही असं सांगितलेलं असताना.

केबिनमध्ये चढायला वेळ लागला. चढले. काचेवर आतूनसुद्धा बर्फ. डॅशबोर्डवरचा गणपती, त्याला वाहिलेलं फूल काळं पडलेलं. सीटवर बसायचं कसं हा प्रश्न. शेवटी बसले. सीट मागे सरकवलेली, माझे पाय पुरेनात. ती पुढे ओढावी लागली. ओढताना रडू आलं, दुसऱ्या कशाने नाही.

किल्ली फिरवली. टक्. आणखी एकदा. टक्. बस्स.

डेनीसने तिच्या व्हॅनमधून वायरी आणल्या, पण ट्रकला दोन बॅटऱ्या जोडून लागतात, तिची एकच, जोर पुरणार नाही. आधी घोडं इथे अडलं.

६ जानेवारी

बॅटऱ्या काढल्या. काढण्याआधी वायरींचे फोटो घेतले, ही अक्कल माझी. डेनीसने एका बाजूने धरलं. गाडीच्या डिकीत घालून घरी. ह्यांचा चार्जर जिन्याखाली होता, नीट गुंडाळून, रबरबँड लावून. हे कपाटातले कपडे कधी असे ठेवायचे नाहीत.

स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्याशेजारी बॅटरी. एक झाली की दुसरी. के. कामावरून आली, बघितलं. ती कौन्सिलमध्ये आहे, घरूनही काम करते, पण सध्या रोज ऑफिसला जाते. माझ्यापासून लांब जाते आहे.

"हे किचनमध्ये? सीरियसली?" मग म्हणाली, "आई, तू कधी त्याला लाइकच केला नाही. तू म्हणायची सवत. आता व्हाय?"

बरोबर बोलली. कधी आवडला नाही. सांगितलं, "मला अजूनही आवडत नाही. पण बोलले ते बोलले. जिवंत माणसाला दिलेला शब्द फिरवता येतो, तो भांडतो, आपण माफी मागतो. ह्यांना आता कुठे भेटू?"

तिला वरण-भात वाढला. अर्धा ठेवून उठली.

७ जानेवारी

भावजींचा फोन. त्यांच्या ओळखीतल्या एका नर्सच्या वडिलांचं साउथहॅम्प्टनच्या पलीकडे शेत आहे, रिकामी शेड आहे. तिथे उभा राहील. "पण चालवणार कोण, वहिनी? माझ्या लायसन्सवर बसत नाही."

माझ्या बसतं. मी टेस्ट दिली ती नियम बदलायच्या आदल्या वर्षी, तेव्हा सगळ्यांनाच साडेसात टनांपर्यंत आपोआप मिळायचं. हे मागे लागले होते म्हणून दिली, आठवा महिना होता, केतकी पोटात. परीक्षक माझ्या पोटाकडेच बघत होता. इन्शुरन्सवरसुद्धा माझं नाव ह्यांनी घालून ठेवलेलं. "असावं," म्हणाले होते. आज फोन करून विचारलं, चालेल म्हणाले. ट्रक मी उभ्या आयुष्यात एकदाच चालवलाय, यार्डातल्या यार्डात, उन्हाळ्यात, आणि उतरल्यावर पुन्हा हात लावणार नाही म्हटलं होतं.

भावजी मग म्हणाले, "तुम्ही खरंच करणार आहात."

म्हटलं, आधी सुरू होऊ दे.

८ जानेवारी

बॅटऱ्या बसवल्या. आकाश स्वच्छ, थंडी अशी की गेटचं कुलूप हाताला चिकटत होतं. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागला, तो विझेपर्यंत थांबायचं. एवढं मला ठाऊक आहे, बाजूला बसून कितीदा पाहिलंय. विझला. किल्ली फिरवली आणि तो फिरला! हळू, जड, पण फिरला. डेनीस व्हॅनमधून बाहेर आली, हातात चिमटा.

फिरतो पण पेटत नाही. पुन्हा. पुन्हा. धूर नाही, वास नाही, काही नाही. शेवटी आवाज बारीक होत गेला आणि मी हात काढला. उरलेली बॅटरी तरी राहू दे.

डेनीस म्हणाली, "तो कधी असं झगडताना दिसला नाही. त्याचा पटकन सुरू व्हायचा."

मग ह्यांना काय येत होतं जे मला येत नाही? इतकी वर्षं सकाळी घराबाहेर जाताना बघितलं, कधी विचारलं नाही. विचारण्यासारखं वाटलंच नाही. आपलं माणूस कामाला जातं, येतं. त्यात काय विचारायचं.

९ जानेवारी

रात्रभर गोठलेलं. सकाळी न्हायला गेले. बाथरूममधली खोबरेल तेलाची बाटली पांढरी, दगड. नेहमीसारखी गरम पाण्याच्या नळाखाली धरली. कडेने सुटायला लागलं आणि तेव्हाच डोक्यात आलं.

डिझेल.

टाकी भरली होती ती गणपतीत, मंडळाचं सामान नेताना. मखर पोचवून आलो तेव्हा हेच म्हणाले होते, टाकी भरली, आता हिवाळ्यापर्यंत बघायला नको. उन्हाळ्यातलं डिझेल. थंडीत त्यात मेण धरतं आणि फिल्टर तुंबतो, हे ह्यांच्या तोंडून मी शंभर वेळा ऐकलं असेल. माझ्या कानावर ते पडायचं, आत जायचं नाही. भावजींना फोन केला. म्हणाले, "शक्य आहे. म्हणजे इंजिन चांगलं आहे, रक्तपुरवठा बंद आहे." डॉक्टरच तो.

मग फिल्टर गरम करायचा. कशाने?

बाटली नळाखाली तशीच धरून उभी राहिले आणि मला तो वास आठवला.

आमच्याकडे रबराची गरम पाण्याची पिशवी आहे. होती. केतकीने शाळेत असताना तिला लोकरीचं कव्हर विणलं, लाल-पांढरं, एका बाजूला टाके सुटलेले. ती पिशवी हे थंडीत रोज सकाळी घेऊन जायचे. भरून मी द्यायचे. मला वाटायचं पाठीला. कव्हरला डिझेलचा वास यायचा म्हणून मी किती बोलले! "पाठीला लावता की इंजिन पुसता?" हे हसायचे. एकदाही सांगितलं नाही की पाठीला नाही, फिल्टरला. सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, म्हणजे मी रोज उठून सवतीला शेक देते! तेच टाळलं असणार.

म्हणजे रोज ट्रक मीच सुरू करत होते. अर्धा तरी.

घरभर पिशवी शोधली. नाही.

१० जानेवारी, शनिवार

पिशवी ट्रकमध्ये होती. शेजारच्या सीटखाली घसरलेली. सीट पुढे ओढली तेव्हा का दिसली नाही कोण जाणे.

भरलेली होती.

बूच घट्ट. आत पाणी, थंडगार, कडेला थोडं गोठलेलं. ते पाणी मी भरलेलं. त्या सकाळी, किटलीतून, अर्धी झोप डोळ्यांत. हातात दिली आणि म्हटलं, आज नका जाऊ, फार आहे. म्हणाले, "आलोच."

केबिनच्या पायरीवर बसून राहिले. डेनीसने लांबून पाहिलं आणि आली नाही. समजूतदार आहे.

मग एकेक गोष्ट जुळली. पिशवी सीटपाशीच होती, फिल्टरला लावलीच नव्हती. आणि किल्ली जॅकेटच्या चेनच्या खिशात, चेन बंद. म्हणजे त्या दिवशी हे ट्रकमध्ये चढले, बसले, आणि बस्स. केबिनच्या दाराला कुलूप नसायचंच, किल्ली काढलीच नाही. सुरू करायला गेलेच नाहीत, झगडले नाहीत, ताण पडला नाही. ट्रकने काही केलं नव्हतं. गोठलेल्या ट्रकशी झटताझटता गेले असं मी महिनाभर डोळ्यांसमोर बघत होते. तसं नव्हतं. बसले होते फक्त. मला त्याने बरं वाटलं. बरं हा शब्द बरोबर नाही, पण दुसरा नाही.

घरी आणली. पाणी ओतून देववेना. सिंकपाशी उभी होते. शेवटी तेच पाणी किटलीत ओतलं. के. आत आली, जॅकेट अंगावर. टेबलावर लाल-पांढरं कव्हर बघितलं.

"दॅट्स माइन. मी केला तो."

म्हटलं, हो. मग सगळं सांगितलं. पिशवी कशासाठी होती, कुठे मिळाली, किल्ली कुठे होती. सावकाश सांगितलं, काही इंग्लिशमध्ये, कारण हे अर्धंमुर्धं कळून चालणार नव्हतं. "चेन बंद होती ना गं? तूच उघडलीस ना?"

तिचा हात आपोआप छातीवरच्या त्या खिशावर गेला. चेन वर केली, खाली केली.

"होती," म्हणाली. "झिप क्लोज्ड होती."

वर निघून गेली. तिच्या खोलीतून आवाज आला नाही. मी दारापर्यंत जाऊन परत आले. पाणी उकळलं, निवलं, झाकून ठेवलं. उद्या पुन्हा तापवीन.

११ जानेवारी, रविवार

सकाळी तेच पाणी पिशवीत. केमिस्टकडून दुसरी पिशवी आणली, त्यात साधं. पंपावरून ताज्या, हिवाळ्यातल्या डिझेलचा कॅन आणून टाकीत ओतला, भावजींनी सांगितल्याप्रमाणे. माळ्यावरून सासूबाईंची गोधडी काढली. त्यांच्या नऊवारींची, ह्यांच्या मुंजीतलं पातळसुद्धा त्यात आहे. साता समुद्रापलीकडे आणून इतकी वर्षं पेटीत होती, जपून जपून. आज फिल्टरभोवती दोन पिशव्या बांधल्या आणि वरून गोधडी गुंडाळली. आई, रागावू नका. तुमच्याच लेकाचं काम आहे.

डेनीस म्हणाली, "बाळाला गुंडाळल्यासारखं दिसतंय." तिच्या व्हॅनमधलं उकळतं पाणी मध्ये मध्ये आणून देत होती. माझ्या पिशवीतलं बदलू नको म्हटलं, फक्त दुसरीतलं. का ते तिने विचारलं नाही.

फिल्टरवर छोटा हातपंप आहे, दाबून दाबून डिझेल ओढायचं. आधी सैल लागत होता, मग घट्ट झाला. दिवा. विझला. किल्ली.

पेटला! खोकला, पांढरा धूर, सगळा ट्रक हलला, डॅशबोर्डवरचा गणपती हलला. मी ओरडले. हात फोनकडे गेला. आणि तेवढ्यात धापा टाकत बंद. मग काही केल्या नाही. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

बॅटऱ्या उतरत आल्या तेव्हा थांबले. पुन्हा काढल्या, घरी आणल्या. हात चिरलेत, डिझेल झोंबतंय. भावजींना सांगितलं. म्हणाले, "वहिनी, पेटला ना? मग तुम्ही शब्द पाळला असंच मी समजेन. दादाही समजेल." गोड बोलले. पण मी "पेटवीन" नव्हतं म्हटलं, बाहेर काढीन म्हटलं होतं.

उद्या बारा तारीख. के. दिवसभर घरीच होती. जेवताना विचारलं, येतेस का उद्या? मान हलवली, नाही. पण ताट पुसून जेवली. वर जाताना मधेच थांबून म्हणाली, "भंगारवाला लवकर येतो, आई. नाइन म्हणाला होता." एवढंच. मला अडवत होती की सावध करत होती?

१२ जानेवारी, सोमवार

केबिनमध्ये लिहिते आहे. हातमोजा काढलाय, अक्षर कसंही येतंय.

अंधारातच निघाले. किटली तापवताना के.च्या खोलीत दिवा होता. खाली आली नाही. निघताना बघितलं तर जॅकेट दाराशी खुंटीवर अडकवलेलं. माझ्यासाठी. अंगात घातलं. बाह्या मलाही लांबच.

यार्डात डेनीस माझ्याआधी हजर, व्हॅन उघडायची वेळ झालेली नसताना. बॅटऱ्या बसवल्या, फोटो बघून. पिशव्या बांधल्या, गोधडी, वर डेनीसने तिच्या व्हॅनची ताडपत्री. या वेळी घाई केली नाही. पिशवी पुन्हा भरून लावली, पुन्हा निवू दिली, पुन्हा लावली. ते पाणी आता किती वेळा उकळलंय कोण जाणे, जरा आटलंय. हातपंप दाबला तो अंगठा बधीर होईपर्यंत.

मग वर चढले. सीट आता माझ्या मापाची आहे. गणपतीसमोरचं काळं फूल काढून खिशात ठेवलं. दिवा लागला. "अहो," म्हटलं. दिवा विझला.

फिरला. फिरला. फिरला. मी सोडणार होते. पेटला.

धूर, थरथर, तेच खोकणं. मी पाय हलू दिला नाही. खोकणं लांबत गेलं आणि मग हळूहळू एका लयीत आलं. डेनीस खाली उभी, दोन्ही हात तोंडावर. बंद होत नाहीये. आता लिहिते आहे तेव्हाही चालू आहे, पेन थरथरतंय ते त्याने.

रडले मनसोक्त. हे नाहीत. ट्रक आहे, आवाज आहे, चहा आहे, डेनीसने पायरीवर आणून ठेवलाय, आणि हे नाहीत. कावळ्याने मला फसवलं असं वाटलं. सुरू झाला की काहीतरी होईल असं मी मनात धरलं होतं. काय होणार होतं?

मग फोन काढला. घरचा नंबर लावला. दोन रिंगा. कट.

का केलं ते माहीत नाही. के. घरी असेल की ऑफिसला निघाली असेल. दोन रिंगांचा अर्थ तिला आठवतो की नाही. आठवत असला तर तिला काय वाटेल, सकाळी सकाळी, रिकाम्या घरात. मी चूक केली असं वाटून फोन मांडीवर उलटा ठेवला.

यार्डाच्या गेटपाशी मोठी लॉरी वळते आहे. पिवळे दिवे. भंगारवालाच. डेनीस हात वर करून त्याच्या आडवी गेली आहे, काहीतरी ओरडते आहे, इंजिनाच्या आवाजात मला ऐकू येत नाही. त्याच्या शेजारून बाहेर पडायला जागा आहे. थोडी. ह्यांना पुरली असती. मला क्लच अजून सापडायचा आहे नीट, आणि पुढे साउथहॅम्प्टनपर्यंतचा रस्ता.

मांडीवर फोन वाजला. उलटा ठेवलेला. सुलटा केला तर घरचा नंबर. उचलायला बोट नेलं आणि थांबले.

एक रिंग. दुसरी.

कट झाला.

डायरी ठेवते. गिअर टाकायचाय.